आठ हाका

कवडू मेला तो ब्याण्णव सालच्या मे महिन्यात, आणि तेजराम झोपला होता म्हणून मेला, हे कारखान्याच्या कँटीनपासून भिलाईतल्या सुपेल्याच्या पानठेल्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. लोकांचं काय जातं? मे महिन्याची दुपार, पोटात भात, पावणेचारची वेळ, खुर्चीत बसलेल्या माणसाला डुलकी लागतेच. आपल्याला लागते, तर तेजरामला का नाही लागणार? झालं, निकाल लागला.

देवीदास निंबार्तेनेही शंका घेतली नाही. खरं बोलायचं तर ती डुलकी तेजरामच्या गळ्यात बांधली ती त्यानेच.

कारखाना भिलाईतलाच, पण मोठा सरकारी नव्हे. त्याच्या आसऱ्याने जगणारे जे पाच-पन्नास खाजगी कारखाने होते, त्यांतला एक. नाव घेऊन तोंड कशाला विटाळायचं! भंगार वितळवायचं आणि ओतायचं, हा धंदा. भट्टीच्या अंगाभोवती पाण्याच्या नळ्यांचं जाळं होतं आणि पाणी येत होतं दोन किलोमीटरवरच्या तलावावरून. तिथल्या पंपघरात तिन्ही पाळ्यांना माणूस बसवायला नको, म्हणून साहेबलोकांनी कॉम्प्युटर आणला. पंपघरातला कॉम्प्युटर दर दहा सेकंदांनी पाण्याचं प्रेशर कळवायचा, आणि कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनवर तो आकडा हिरवा दिसायचा. कनेक्शन तुटलं तर अक्षरं लाल व्हायची, घंटी वाजायची. मग ऑपरेटरने भट्टी बंद करायची. वरच्या टाकीतलं पाणी दहा मिनिटं पुरायचं. दहा मिनिटांत भट्टी बंद झाली नाही तर नळ्या फुटणार आणि पाणी उकळत्या लोखंडावर पडणार. पुढचं सांगायला नको.

त्या दिवशी पंपघराची बिजली गेली. पंप बंद, तिथला कॉम्प्युटरही बंद. आणि वीस मिनिटांनी भट्टी फुटली. अठ्ठावीस वर्षांचा कवडू समोर उभा होता. तीन दिवस दवाखान्यात होता, चौथ्या दिवशी गेला.

चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला वर्क्स मॅनेजर मारोतराव साहेब आणि भोपाळहून आलेले दोन साहेब, दुसऱ्या बाजूला त्या पाळीचा ऑपरेटर तेजराम, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. देवीदास कारखान्याचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला. रायपूरहून इंजिनिअर झालेला, सिस्टिमच्या पोटात हात घालणारा. त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याने नोंदींची लांबलचक कागदी पट्टी टेबलावर पसरली.

"त्या वेळी कनेक्शन तुटलं होतं का?" मारोतरावांनी विचारलं.

"नाही साहेब. तुटल्याची एकही नोंद नाही."

"मंग स्क्रीनवर काय दिसलं असन?"

"कनेक्शन होतं, म्हणजे तिथला कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला असणार. प्रेशर पडताना दिसलं असणार."

"कॉम्प्युटर खोटं दाखवू शकते का?"

"नाही साहेब. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

तेजरामने मान वर केली. "देवा, हिरवंच होतं रे. चार पॉइंट दोन. मी पाहूनच राहिलो होतो."

देवीदासने कागदाकडे पाहिलं. तेजरामकडे पाहणं त्याला जमलं नाही, कारण तेजराम त्याला परका नव्हता. भंडाऱ्याकडच्या एकाच गावातून देवीदासचा बाप आणि तेजराम इकडे आले, एकाच भट्टीवर राबले. बाप गेला तेव्हा देवीदास अकरावीत होता. शिक्षण सोडून भट्टीवर जातो म्हणाला, तर या तेजरामने त्याच्या कानाखाली वाजवली होती आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात नेऊन फॉर्म भरला होता. पण पट्टीवर नोंद नव्हती. नोंद नाही ती नाही, काका असो की आणखी कोणी. देवीदासला तेव्हा स्वतःच्या प्रामाणिकपणाचा थोडा अभिमानही वाटला, मेल्याला.

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी तेजरामने लिहून दिलं, मला डुलकी लागली असेल. बडतर्फ करण्याऐवजी राजीनामा घेतला. मारोतराव म्हणाले, माणुसकी म्हणून.

जून गेला, जुलै गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी बंद ठेवून पंपघराची साफसफाई निघाली. विजेच्या माणसाने तिथली सगळी लाईन बंद करायची होती. देवीदास कंट्रोल रूममध्ये काही कामाने बसला होता. सहज त्याने स्क्रीनकडे पाहिलं. हिरवा आकडा, चार पॉइंट दोन. अजून बंद केली नाही वाटतं, म्हणून त्याने पंपघरावर फोन लावला.

"लाईन कब बंद करोगे भाई?"

"साब, बंद करके तो आधा घंटा हो गया."

देवीदासने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. आकडा हिरवाच होता. पलीकडे पंप मेलेला, कॉम्प्युटर मेलेला, आणि इकडे हा शहाणा चार पॉइंट दोन दाखवत शांत बसलेला.

तो आपल्या खोलीत गेला आणि सिस्टिमचा सोर्स कोड उघडला. मशीनबरोबर युनिक्स सिस्टिमचा सगळा कोड टेपवर आला होता, आणि नेटवर्कच्या भागात त्याच्याशिवाय कोणी कधी बोट घातलं नव्हतं. कुठे बघायचं ते त्याला ठाऊक होतं. चोराला गल्ली ठाऊक असतेच.

त्या भागाचं काम साधं होतं. पलीकडून काही ऐकू आलं नाही की सिस्टिम हाक मारायची, आहेस का रे बाबा? पंधरा सेकंदांनी दुसरी हाक. अशा आठ हाका. एकीलाही ओ आली की मोजणी परत शून्यावर. आठही फुकट गेल्या की दोन मिनिटांत समजायचं, पलीकडचं मेलं. कनेक्शन तोडायचं आणि वर कळवायचं, म्हणजे स्क्रीन लाल. पण त्याच्यासमोर जो कोड होता, त्यात मोजणी ओ आल्यावर नाही, हाक मारल्यावरच शून्य होत होती. म्हणजे सिस्टिम जन्मभर हाका मारत बसली असती आणि प्रत्येक हाक तिला पहिलीच वाटली असती. आणि कनेक्शन तुटलं असं कळत नाही तोवर स्क्रीन शेवटचा आलेला आकडाच हिरवा धरून बसली असती. त्या ओळीच्या शेजारी शेरा होता, रोमन अक्षरांत, पण मराठीतच लिहिलेला. 'पाहुण्यांसाठी, दोन दिवस. नंतर काढणे. दे. नि.'

आणि मग सगळं आठवलं.

जानेवारीत दिल्लीहून पाहुणे येणार होते. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की काय होतं ते सांगायला पाहिजे का? रस्त्याकडेचे दगड एक पांढरा एक लाल. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. ज्या गटारावर कोणी वर्षभर थुंकत नाही, त्याच्यावर डीडीटी. पाहुणे गेले की चुना पावसापर्यंत टिकतो, नंतर कोणी बघत नाही. नेमकं तेव्हाच तलावाकडून येणारं केबल खराब होतं. पंपघराचं उत्तर उशिरा यायचं, आणि दिवसातून चार-पाचदा स्क्रीन उगाचच लाल व्हायची. मारोतराव त्याच्या टेबलाशी येऊन हसत म्हणाले होते, "देवीदास, साऱ्या कारखान्याले गेरू-चुना मारून राहिलो आपण. तुह्या स्क्रीनलेबी मार न थोडा. पाहुण्यासमोर लाल दिसलं नाही पाहिजे." केबल बदलायला पंधरा दिवस लागले असते. कोडमधली एक ओळ बदलायला पाच मिनिटं लागली.

पाहुणे आले, हिरवी स्क्रीन बघून माना डोलावल्या, काजूकतली खाऊन गेले. पुढे केबलही बदललं. ती ओळ मात्र राहिली. कटकट नाही तर चौकशी कोण करतो? फेब्रुवारीत तेजरामच म्हणाला होता, "आता लाल होतच नाही देवा. तुह्या हाताले गुण आहे बाप्पा."

देवीदासने खोलीचं दार लावून घेतलं आणि रडला. चांगला हुंदके देऊन रडला. मग डोळे पुसून ती ओळ काढली आणि जुनी परत टाकली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! कोड पुन्हा कंपाइल व्हायला पावणेदोन तास लागले. सिस्टिम पुन्हा चालू केली, पंपघराकडून येणारं केबल स्वतःच्या हाताने ओढून काढलं आणि कंट्रोल रूममध्ये उभा राहून मोजू लागला. एक. दोन. तीन. आठव्यानंतर स्क्रीन लाल झाली आणि घंटी अशी कोकलली की तेजरामच्या जागी आलेला नवा ऑपरेटर खुर्चीतून उडाला.

"अगा बाप्पा!" तो म्हणाला. "हे लालबी होते का?"

मारोतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून पंखा कमी केला.

"आता बरोबर चालते न?"

"हो साहेब. पण तेजरामकाका..."

"त्यानं स्वतः लिहून देल्लं. आपण त्याचा हात धरला होता का?" ते खुर्चीत बसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, देवीदास. उघडली तर पह्यले तू जाशीन, मंग मी. कवडू तर काही परत येत नाही. बायको आहे तुले, म्हातारी माय आहे. जाय, काम कर."

आणि देवीदास गेला, काम केलं. हेच सांगायला लाज वाटते. तीन आठवडे तो रोज जेवला, रोज कामावर गेला, पगार घेतला. स्कूटरच्या डिक्कीत त्याने लिहिलेला कबुलीचा अर्ज पडून होता. रोज सकाळी वाटायचं आज देऊ, रोज संध्याकाळी वाटायचं उद्या. भीती म्हणजे नुसती नोकरीची नव्हती. जो माणूस आपल्यासाठी बापाच्या जागी उभा राहिला, त्याला आपणच भरल्या टेबलासमोर खोटं ठरवलं, हे त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. त्यापेक्षा भट्टीत हात घालणं सोपं होतं. शेवटी बायकोनेच एक दिवस विचारलं, "काय होऊन राहिलं तुमाले? अंगावर कपडे लटकून राहिले." तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. "उद्या शनिवार आहे," शैला म्हणाली. "दुर्गची कचेरी एक वाजेपर्यंत उघडी राहते."

शनिवारी त्याने दुर्गला फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का मारून घेतला. चूक माझी, तेजराम हटवार जागे होते, स्क्रीन खोटी होती. खाली सही. बाहेर आला तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास आला. आता नोकरी जाईल तर जाईल, काकांचं नाव तर धुऊन निघेल.

रविवारी सकाळी तो बोरसीला तेजरामच्या घरी गेला. तेजराम अंगणात खाटेची दोरी ओढून कसत बसला होता. चार महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. गालाची हाडं वर आली होती.

"ये न देवा. बस." त्याने खाटेच्या माचव्यावर हात आपटला. आवाजात राग नव्हता, म्हणून देवीदासला आणखी कसंतरी झालं.

बसला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, पाहुण्यांपासून ते कालच्या शिक्क्यापर्यंत. तेजराम दोरी हातात धरून ऐकत होता.

"म्हणजे हिरवंच होतं," तो शेवटी म्हणाला.

"हिरवंच होतं काका."

"चार पॉइंट दोन."

"हो."

तेजरामने दोरी सोडली. "मी म्हणून राहिलो होतो न तुमाले! पण तू म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. मी घरी आलो, इचार केला. पोरगा शिकला-सवरला आहे, आपल्यासाठी खोटं कावून बोलन? मंग मीच झोपलो असन. मंग तर मले दिसूनबी राहिलं रे. मान खाली गेली, हनुवटी छातीले टेकली, असं रोज सपनात दिसते मले. मी झोपलो नव्हतो, अन् मले झोपलेलं आठवून राहिलं होतं."

देवीदास खाली वाकला आणि त्याच्या पायांना हात लावला. तेजरामने त्याला उठवलं. तो रडत होता, पण चेहरा उजळला होता, खरंच उजळला होता.

"रंभाले सांगाव लागन," तो म्हणाला. "कवडूची बायको. नाल्यापलीकडे राहते. मी जातो दर एतवारी. पह्यल्या बारीले गेलो तं पायावर डोस्कं ठेवलं तिच्या, म्हटलं माय, मी झोपलो, मी तुह्या माणसाले मारलं. लय रडली. मंग म्हणे, काकाजी, झोप काय कोणाच्या हातात राहते का? तुमाले मी माफ केलं. चहा करून देते मले. तेवढ्यावरच जगून राहिलो देवा. पण आता माफीबी नाही पाहिजे, आता खरं सांगू तिले." तो आत गेला आणि धुतलेला सदरा घालून आला. देवीदासनेही मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट सरळ होईल.

रंभा दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तेजरामला बघून उठली, पदर सारखा केला, आतून दोन पेले पाणी आणलं. तेजराम पाणी प्यायलाही नाही.

"रंभा, मी झोपलो नव्हतो माय! हा देवीदास, कॉम्प्युटरवाला. हा सांगून राहिला, मशीनच खराब होतं."

रंभाने देवीदासकडे पाहिलं. त्याने सांगायला सुरुवात केली. हाका मारण्याचं सांगितलं, मोजणीचं सांगितलं, ती एक ओळ आपण लिहिली आणि काढायची विसरलो तेही सांगितलं. शक्य तितकं सोपं करून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"भट्टी फुटली तवा तुमी तिथं होते का जी?" तिने विचारलं.

"नाही. मी ऑफिसात होतो. पण चूक माझी आहे, बाई. तुमचा माणूस माझ्यामुळे गेला."

"जे माणूस तिथं नव्हतं ते कसं मारन?" ती म्हणाली, आणि देवीदास तिच्या लेखी तिथेच संपला. ती तेजरामकडे वळली. "म्हणजे काकाजी, तुमी जागे होते."

"हो माय. जागा होतो."

"डोळे उघडे होते तुमचे."

"हो न."

"कंट्रोल रूमच्या काचेतून भट्टी दिसते. हे सांगत होते मले, काकाजी काचेतून हात दाखवते म्हणून."

तेजरामने मान डोलावली.

"त्या दिवशीबी हे दिसत होते तुमाले?"

"मी स्क्रीनकडे पाहून राहिलो होतो रंभा. स्क्रीनवर सारं बरोबर होतं."

"वीस मिनिटं?" तिचा आवाज चढला नाही. "वीस मिनिटं भट्टी तापून राहिली, माहा माणूस समोर उभा होता, अन् तुमी जागे राहून त्या डब्यात पाहत होते?"

"बाई, त्यांचा नियमच तसा होता," देवीदास मध्येच म्हणाला. "स्क्रीनवरच विश्वास ठेवायचा, असं आम्हीच..."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झोपलेल्या माणसाले काय बोलाव, म्हणून मी मनातून काढून टाकलं होतं काकाजी. तुमाले चहा पाजला मी." तिने दोन्ही पेले उचलले, पाणी अंगणात ओतलं, सूप काखेत घेतलं. "आता नका येत जाऊ इकडे."

ती आत गेली आणि दिवसाढवळ्या दाराला कडी लावली.

"रंभा," तेजरामने हाक मारली. "रंभा, ऐक तर माय." मग तो देवीदासकडे न बघताच म्हणाला, "तू जाय आता."

तो तिथेच दाराबाहेर उकिडवा बसला, धुतलेल्या सदऱ्यात. देवीदास नाल्याच्या अलीकडे स्कूटरजवळ जाऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर येईपर्यंत उभा होता, पण ते दार काही उघडलं नाही.